एका इंचाचं खोटं

मी मापाची टेप बोलतेय. काचेच्या चौकटीतून बोलतेय, तेव्हा आवाज जरा कोंडल्यासारखा वाटेल. पण आता गप्प बसवत नाही.

माझं आयुष्य गेलं मास्टरांच्या गळ्यात. ते एका नामांकित फॅशनवाल्या बाईंकडे कपडे बेतायचे. काय ते कपडे! एका झग्याच्या बाह्या गुडघ्याखाली, तर दुसरा घालून बसायची सोय नाही. मास्टर मनात हसायचे आणि मुकाट्याने कात्री चालवायचे. त्यांना एक खोड होती. माप घेण्याआधी मला दोन्ही टोकांना धरून फटकन ताणायचे. वीस वर्षं रोज ताणल्यावर कापडी टेपचं काय होणार? मी सैलावले. पंचवीस इंचांना चोवीस म्हणू लागले. कपडेही माझ्याच मापाने बेतलेले, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तयार झालेले कपडे घालून दाखवायला मास्टरांची भाची यायची. सगळे तिला काडी म्हणत. तिची कंबर चोवीस, म्हणजे माझ्या लेखी. "कंबर असावी तर अशी!" बाई जगाला सांगायच्या. मासिकात काडीचा फोटो आला, खाली तो आकडा.

बाईंचा फॅशन शो आठवड्यावर आला तेव्हा बाईंनी नवी टेप आणली. तिने काडीला पंचवीस सांगितलं.

"इंचभर सुटलीस?" बाई कडाडल्या. "शोपर्यंत उतरव, नाहीतर मी दुसरी बघते."

त्या दिवसापासून पोरीने जेवण सोडलं. डबा तसाच घरी परत जायचा. मी मास्टरांच्या गळ्यात नुसती तडफडत होते. खोटं माझं आणि उपास तिला! सहाव्या दिवशी झगा अंगावर चढवतानाच ती कोसळली.

मास्टरांनी तिला सावरून बसवलं. झगा कमरेत ढिला पडला होता, आणि नवी टेप अजून साडेचोवीस म्हणत होती.

"कपडा सैल आणि माप जास्त? हे कसं काय?" त्यांनी आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. माझा चोवीसचा आकडा तिच्या पंचविसाशी जुळत होता.

"काडे, तू वाढली नव्हतीस गं. माझीच टेप ताणलीय. चल, आधी दोन घास खा."

ती रडत रडत जेवली. मला वाटलं, आता तरी खरं बाहेर पडेल. पण बाई म्हणाल्या, "चोवीस छापून गेलंय. आता पंचवीस म्हटलं तर हसं होईल आपलं."

मास्टर भाचीला घेऊन निघून गेले. जाताना त्यांनी मला कचऱ्यात टाकलं, ते योग्यच होतं. बाईंनी मला उचलून दुकानात काचेत बसवलं. खाली पाटी लावली: 'हिने सौंदर्य मोजलं: चोवीस इंच.' समोर आता टेपाही विकायला ठेवल्यात. नव्या, अगदी बरोबर माप सांगणाऱ्या.

आज एक शाळकरी मुलगी आईबरोबर आलीय. पाटी वाचून तिने त्यातली एक टेप कमरेला लावली.

"सव्वीस," आई म्हणाली.

मुलीने पोट आत ओढलंय, श्वास रोखून धरलाय. "आता बघ, आई."

पोरी, माझ्याकडे नको बघूस. मी खोटी आहे गं. सोड तो श्वास.