शिष्यवृत्ती माझ्या पोटात चिकटली होती

मी एक जुनी कात्रणवही आहे, मित्रांनो. बसून बोलायचं त्राण आता राहिलेलं नाही, म्हणून आडवी पडूनच सांगते. तुम्हीही आडवे पडून ऐकलंत तरी चालेल. माझी गोष्ट अशी आहे की ती ताठ बसून ऐकल्याने काही सुधारणार नाही.

माझा जन्म १९९२ सालचा, हुबळीच्या कमरीपेठेतला. नागोजी नावाचा बाइंडर होता. त्याने माझी चारशे कोरी पानं शिवली, वर कापडी पुठ्ठा चढवला आणि खळीत मोरचूद घातलं, म्हणजे कसर लागू नये. दाभण ओढता ओढता तो मला म्हणायचा, "नीट रहा बाई. तुला शिकलेल्या लोकांत जायचंय." मला तेव्हा तो आशीर्वाद वाटला होता.

तिथून बसने मी धारवाडला, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. तिथे दत्तात्रेय नरगुंदकर नावाचे सहायक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. अण्णांनी टाकाने, वळणदार अक्षरात माझं नाव घातलं : 'चालू घडामोडी आणि शिक्षण-अनुदान वार्ता : मार्गदर्शिका'. हे नाव वाचून होईपर्यंत अर्ध्या विद्यार्थ्यांना आपण कशाला आलो होतो ते आठवेनासं व्हायचं.

माझं काम सोपं होतं. रोज सकाळी साडेदहाला अण्णा आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र टेबलावर पसरायचे. शिष्यवृत्त्या, अनुदानं, परीक्षांना उपयोगी पडतील अशा घडामोडी, असं जे जे दिसेल ते लांब कात्रीने कापायचे आणि माझ्या पानावर डकवायचे. खाली तारीख, वर अनुक्रमांक. खळ चारही कोपऱ्यांना लावून भागलं असतं, पण अण्णा ती मध्यभागीसुद्धा फासायचे. म्हणायचे, "अर्धवट चिकटलेली बातमी अफवा वाटते."

सुरुवातीला मला फार मोठं वाटायचं. परीक्षांना बसणारी पोरं माझ्याभोवती गर्दी करायची, माझ्यातलं उतरवून घ्यायची. एकदा तपासणी समितीच्या अध्यक्षांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि "वजनदार काम आहे" म्हणून लगेच खाली ठेवलं. अण्णा ही स्तुती पुढे अकरा वर्षं सांगत होते.

पण मित्रांनो, बातम्या अंगावर बाळगणं हे थकवणारं काम आहे. 'अनुदानवाढ विचाराधीन' ही एकच बातमी माझ्या अंगावर एकसष्ट वेळा चिकटवलेली आहे. एकाच ठिकाणी एकसष्ट वेळा मलम लावावं आणि जखम कुठे आहे ते कुणी विचारूच नये, तसं ते वाटतं.

आणखी एक गोष्ट होती, आणि तीच नडली. ग्रंथालयात वर्तमानपत्राची एकच प्रत यायची. आणि वर्तमानपत्राच्या कागदाला, तुम्हाला माहीत आहेच, दोन बाजू असतात. समोर अनुदानाची बातमी आणि नेमकं तिच्या पाठीला दुसरं काही महत्त्वाचं असलं, तर काय करायचं? अण्णांचा नियम ठरलेला होता : अनुदान जिंकणार. पाठीमागचं जे असेल ते माझ्या पानाकडे तोंड करून कायमचं गप्प बसणार. माझ्या आत असे कितीतरी खेळाडू आहेत ज्यांनी चेंडू टोलवला, पण तो कुठे गेला ते त्यांना अजून कळलेलं नाही.

१९९७ सालच्या ऑगस्टात एका सकाळी उत्तरा आली. वनस्पतिशास्त्राची मुलगी, नुकतीच एम.एस्सी. झालेली. घाईने चालत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"अण्णा, सहा तारखेचा पेपर पाहिजे. संशोधनवृत्तीची जाहिरात आहे म्हणे. मला आज कळलं. आज शेवटचा दिवस आहे."

"संशोधन कशावर?" अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दगडफुलावर."

"मसाल्यातलं?"

"तेच."

"त्यावर पीएचडी?"

"अण्णा, तुम्ही रोज खाता आणि ते काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. म्हणूनच."

अण्णांना हे पटलं. ते वर्तमानपत्रांच्या ढिगातून सहा तारखेचा अंक घेऊन आले. उत्तराने घाईघाईने पाचवं पान उघडलं. त्या पानाच्या मधोमध पोळपाटाएवढी चौकोनी खिडकी होती आणि खिडकीतून पलीकडे अण्णांचा चेहरा दिसत होता. 

"इथली जाहिरात कुठाय?" उत्तराने खिडकीतूनच विचारलं.

अण्णा माझ्याकडे वळले. त्यांनी मला उघडलं. पान एकशे त्रेचाळीस. 'अनुदानवाढ विचाराधीन', खेप सत्तावन्नावी. तिच्या पाठीला, माझ्या कागदाला गच्च बिलगून, उत्तराची जाहिरात होती.

काउंटरवर हेमावती अक्का बसायच्या. पुस्तकांची देवघेव बघायच्या आणि घेवच जास्त बघायच्या. त्या उठून आल्या.

"अय्यो, अण्णा! दुसरीकडून पेपर आणू या की."

"पंधरा दिवसांपूर्वीचा?"

"हौदल्ला," अक्कांनी मान हलवली. म्हणजे तेही खरंच. "तो आता सुभाष रोडवर चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या पुड्या होऊन बसला असणार."

उत्तरा खुर्चीवर टेकली. तिचे वडील धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फोरमन होते. त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून तिथल्या कचेरीत तिच्यासाठी टंकलेखकाची जागा मिळवली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"अप्पांशी बोलणं झालंय," ती म्हणाली. "वृत्ती मिळाली तर अभ्यास, नाहीतर टाइपरायटर. अर्जच गेला नाही तर ते 'नाही मिळाली' असंच धरणार. आणि अर्ज त्या जाहिरातीतच छापलाय. तोच कापून भरायचा. हाताने लिहिलेला नको, झेरॉक्स नको."

मित्रांनो, अण्णांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकदा चिकटवलेलं कात्रण परत निघालं नव्हतं. पानाचा कोपरा दुमडला म्हणून एका प्राध्यापकांना त्यांनी बाहेर बसवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उत्तराकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेअकरा वाजले होते.

"अक्का," ते म्हणाले, "कँटीनमधून चहाची किटली आणा. भरलेली. उकळती."

"किती कप?"

"प्यायला नको."

"मग?"

"आणा हो तुम्ही!"

ग्रंथालयात चहा आणायला मनाई होती. तशी पाटी खुद्द अण्णांनीच लिहिली होती. किटली त्या पाटीखालून आत आली. अण्णांनी मला किटलीवर उघडी धरली, न्हाणीत तान्ह्याला धरतात तशी, मानेला आधार देऊन. आल्याच्या चहाची वाफ माझ्या एकशे त्रेचाळिसाव्या पानात शिरली. आजही त्या पानाला आल्याचा वास येतो आणि पुढची दहा पानं थोडी बोबडी झाली आहेत.

"निघतंय का?" उत्तरा.

"ओढू नकोस. बातमी आहे ती, दात नाही."

"अण्णा, तुमचा हात भाजायलाय."

"तो हात माझा आहे. कात्रण विद्यापीठाचं आहे."

नागोजीची शिवण घट्ट होतीच, पण अण्णांची खळ तिच्याहून हट्टी निघाली. वीस मिनिटांनी एक कोपरा उचलला. अक्कांनी मापाची पट्टी आत सरकवली. आणि मग हळूहळू, केळीचं सोपट सोलावं तसं, ते आख्खं कात्रण माझ्यावरून निघालं. अर्ज त्याच्या पाठीला होता, फिकट, ओलसर, पण होता. फक्त खालच्या चार ओळी त्याच्यावर नव्हत्या. त्यांची शाई माझ्या पानावर उतरली होती. उलटी.

"पत्ता इथंच आहे!" उत्तरा रडकुंडीला आली. "कुठे नेऊन द्यायचा तेच गेलं."

तिघं माझ्यावर वाकले. ती अक्षरं उजवीकडून डावीकडे पळत होती. अण्णांनी डोकं वाकडं करून पाहिलं, मग मला वाकडी करून पाहिलं. हेमावती अक्का जाऊन आपली पर्स घेऊन आल्या. त्यातून कुंकवाच्या डबीच्या झाकणाचा आरसा काढला आणि माझ्या पानाशेजारी उभा धरला.

"वाच आता."

रुपयाएवढ्या आरशात एका वेळी दोनच अक्षरं मावत होती. उत्तरा ती वाचत गेली आणि अण्णा लिहीत गेले. हुबळी. स्टेशन रोड. दुसरा मजला. सायंकाळी पाचपर्यंत, समक्ष.

अर्ज वाळवायला वेळ नव्हता. अक्कांनी तो पंख्याखाली धरला तर तो उडून थेट पुस्तकांच्या कपाटावर जाऊन बसला. बावन्न वर्षांचे अण्णा शिडीवर चढले. भरताना बॉलपेन ओल्या कागदातून आरपार जायला लागलं, तेव्हा त्यांनी आपला टाक दिला, आजवर कुणाला न दिलेला. उत्तराने अर्ज भरला, आपल्या वहीत दाबला आणि धावत सुटली. दीडच्या बसमध्ये तिला उभं राहायलाही जागा नव्हती, असं नंतर कळलं. पण अर्ज मात्र एका आजीबाईंनी मांडीवर घेऊन नेला. साडेतीनला तो पोचला.

माझ्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर एक रिकामा चौकोन आणि चार उलट्या ओळी उरल्या. अण्णांनी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे साडेदहाला काम सुरू केलं. फरक एवढाच की आता ते कापण्याआधी कागद उजेडाकडे धरून पाहायचे.

मार्चमध्ये वार्षिक पडताळणी झाली. तीन जणांची समिती. त्यांनी माझी पानं मोजली, कात्रणं मोजली आणि एकशे त्रेचाळीसवर थांबले. अहवालात लिहिलं : 'अनुदानवाढीची एक बातमी गहाळ आढळली. तिच्या जागी अनोळखी लिपीतील चार ओळींचा अनधिकृत मजकूर आढळला. लिपी ओळखण्यासाठी प्रकरण भाषा विभागाकडे पाठवावे.'

"साहेब, आरसा धरा," अण्णा म्हणाले.

"आरसा ग्रंथालयाच्या साहित्यात नोंदलेला आहे का?" समितीने विचारलं.

अण्णांनी लेखी खुलासा दिला. वाफेसकट, किटलीसकट, सगळं खरं. समितीला तो अविश्वसनीय वाटला, पण किटलीपुरतं त्यांना पटलं आणि ग्रंथालयात चहा आणल्याबद्दल अण्णांना ताकीद मिळाली. माझ्याबद्दल असा निर्णय झाला की चौकशी पूर्ण होईपर्यंत मला जपून ठेवावं. काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, कुलपावर लाखेची मोहर केली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझी काळजी घेतली गेली.

जूनमध्ये एका सकाळी अण्णा वर्तमानपत्र चाळत असताना थांबले. निवडलेल्या संशोधकांची यादी होती. सात नावं. त्यांनी ती कापली, खळीची वाटी घेतली आणि सवयीने माझ्याकडे आले. कपाटापाशी आल्यावर त्यांना मोहर दिसली.

"काय झालं?" हेमावती अक्कांनी विचारलं. "लागलं का तिचं नाव?"

"तिसरं आहे."

"मग चिकटवा की."

"कशात?"

  अण्णांनी वाटी खाली ठेवली आणि ते कात्रण कपाटाच्या दोन दारांमधल्या फटीतून आत सरकवलं. ते माझ्या पुठ्ठ्यावर येऊन पडलं. ना खळ, ना तारीख, ना अनुक्रमांक. माझ्या अंगावरची ती एकमेव बातमी जी विचाराधीन नाही.

चौकशी अजून चालू आहे. आता २००६ साल आहे. अण्णा तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हेमावती अक्कांच्या जागी संगणक आला. मुलं येतात, शिष्यवृत्तीबद्दल विचारतात, पडद्याकडे बघत बसतात. वीज गेली की माझ्या कपाटाला टेकून उभी राहतात आणि म्हणतात, "इथं काहीच मिळत नाही." काचेच्या आत मी असते. तळघरातल्या शंभर पुस्तकांपेक्षा मी चांगली दिसते, कारण मला कुणी हात लावलेला नाही.

म्हणून एक विनंती आहे, मित्रांनो. वस्तूंची काळजी घ्या, असं सगळ्याच वस्तू सांगतात. त्यांना सांगू दे. वह्यांची पानं उगाच फाडू नका, कोपरे दुमडू नका, हेही ठीकच आहे. पण कधी एखाद्या मुलीला पाचच्या आत पोचायचं असेल आणि तिला हवं ते माझ्यासारखीच्या अंगाला चिकटलेलं असेल, तर खुशाल उचकटून न्या. मी ओरडणार नाही. मागच्या खेपेला मी खूप ओरडले होते. कुणाला ऐकू गेलं नाही, तेच बरं झालं.