गालाचं माप

मित्रांनो, मी एक जुना दस्ता आहे. कुऱ्हाडीचा नव्हे, नेमबाजीच्या रायफलीचा. नळीला नुसती गोळी ठाऊक असते. माणसाचा गाल टेकतो तो माझ्यावर.

अक्रोडाच्या ओंडक्यातून मला एका सुताराने आपल्या भाचीसाठी घडवले. तो नळीला काजळी फासून माझ्यात बसवी आणि जिथे काळे उमटे तिथेच पटाशीने केसभर खरवडी. माप तिच्या खांद्याचे, तिच्या मानेचे, तिच्याच गालाचे. शेवटी त्याने तिला बोलावले.

"डोळे मीट. गाल टेकव. आता उघड. दिसतंय?"

"समोरच नेम, मामा! मान हलवावीच लागली नाही."

"मग? मामा कुणाचा!"

आम्ही बक्षिसे आणली. लोक मला कुरवाळत आणि मामाची मान ताठ होई.

पुढे मोठ्या स्पर्धेची निवड जवळ आली आणि भाची कुरकुरत आली. "मामा, डोळा खाली राहतोय. नेम दिसत नाही."

"लाकूड आटलं असेल गं. जिवंत जात ती, हवा खाते."

गाल टेकतो तिथे त्याने पातळ पट्टी चिकटवली, घासली, जवसाचे तेल पाजले. थोड्या दिवसांनी ती पुन्हा आली. दुसरी पट्टी. मग तिसरी.

"या लाकडानं माझं नाक कापलं!" मामाने मला थापट मारली.

ती हसली आणि हसता हसता बाकावर टेकली. "नुसता थकवा आहे, मामा. निवड होऊ दे, मग दाखवते डॉक्टरला."

"सरावाचा शीण तो. चालायचंच," मामा म्हणाला. नजर माझ्यावरच.

मित्रांनो, मी तसूभरही आटलो नव्हतो. आटत होता तो तिचा गाल. पूर्वी मऊ टेकायचा, आता हाड रुतायचे. सदऱ्यातून खांद्याचा ताप मला भाजायचा. पण लाकडाला वाचा कुठली? मामा मला मापत राहिला, घासत राहिला. मान वर करून त्याने तिच्याकडे एकदा पाहिले असते, तर!

सरावातच ती कोसळली. दुखणे आतून पोखरत गेले होते. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. ती परत आली नाही.

मामाने मला खुंटीला अडकवले. तेव्हापासून मी धूळ खातो. कामे मात्र अजून येतात. परवा एक तरुण रायफल घेऊन आला. म्हणाला, दस्ता खांद्याला बसेनासा झालाय. मामाने रायफलीला हातसुद्धा लावला नाही.

"जेवण जातं का रे? झोप लागते?"

"मामा, दस्ता दाखवायला आलोय, सोयरीक जमवायला नाही!"

मामा हसला नाही. त्याने त्या तरुणाची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवले.

मित्रांनो, मला तेल पाजले नाहीत तरी चालेल. पण रोज अंगी बसणारी वस्तू एखाद्याला एकाएकी बसेनाशी झाली, तर वस्तूला मागाहून बोल लावा. आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघा.