मामा, चला!

यंत्रानं मामांना गोळी घातली. बरोबर छातीत. पण अहवालात तसं काही नाही, त्यामुळे तसं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. बाकी सगळे तसेच पुढे गेले.

मामांची नोकरी होती ‘निरपराध नागरिक’. लष्कराच्या मैदानावर एक यंत्र होतं. स्वतःच्या बुद्धीनं चालणारं आणि स्वतःच्याच मर्जीनं गोळ्या झाडणारं. ते कधी बिथरतं का, हे तपासायचं होतं. तपासणीपुरत्या गोळ्या रंगाच्या. शत्रू म्हणून लाकडी पुतळे सोडत आणि नागरिक म्हणून मामांना. कधी पिशवी घेऊन, कधी काठी टेकत, एकदा तर पोटाला उशी बांधून गरोदर बाई म्हणून. पुतळ्यांची चाळण व्हायची; मामांच्या अंगावर कधी शिंतोडाही उडाला नाही.

“त्याला माणसाची पारख आहे,” मामा घरी सांगत.

“मग तुमच्या बढतीचं त्यालाच विचारा,” मामी म्हणत.

शेवटच्या चाचणीला मोठे साहेब आले. ती पार पडली की यंत्र खऱ्या गोळ्या घेऊन सीमेवरच्या खिंडीत जाणार होतं. साहेबांना आरडाओरड्याचं वावडं. म्हणून चाचणी घेणाऱ्या मॅडमनी रोजच्यासारखी भोंग्यावरून हाक दिली नाही, नुसता हात हलवला. मामा निघाले. यंत्रानं मान वळवली आणि झाडली.

मामा पडले नाहीत. कसं पडायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखे ते छातीवरच्या लाल रंगाकडे बघत उभे राहिले.

मॅडमना कारण सापडायला वेळ लागला नाही. सांगायला लागला.

“मामा, पुतळे सोडताना आम्ही गप्प असायचो. तुम्हाला सोडताना मात्र मी ओरडायचे, ‘मामा, चला!’ ते तेवढंच शिकलंय. हाक आली की झाडायचं नाही. तुमच्याकडे त्यानं कधी बघितलंच नाही.”

“कधीच नाही?”

“नाही.”

“उशीसुद्धा नाही?”

मॅडमना हसू आलं आणि ते मधेच फाटलं. “त्यानं आपल्याला मामा बनवलं, मामा.”

मोठ्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “थोडक्यात, तुम्ही हाक द्यायला विसरलात,” ते मॅडमना म्हणाले.

चाचणी पुन्हा झाली. या वेळी हाक दिली. यंत्र गुणी बाळासारखं बसून राहिलं. आधीची फेरी ‘सराव’ ठरली, आणि मामांचा सदरा सरकारी खर्चानं धुवायला गेला.

“पण साहेब, तिकडे खिंडीत हाक कोण मारणार?” मामांनी विचारलं.

“तिकडे नागरिक नसतात.”

“माझी भाची आहे, साहेब. तिथल्या दवाखान्यात नर्स आहे.”

साहेबांनी नकाशा मागवला, चष्मा लावला, मनापासून शोधलं. “दवाखाना दिसत नाही,” ते म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती. नकाशात तो खरंच नव्हता.

आई गेल्यावर भाची मामांकडेच वाढली होती. बाकी सगळे त्यांना सवयीनं मामा म्हणत; हक्कानं म्हणणारी ती एकटीच. मामांनी तिला फोन लावला.

“तिथून निघ.”

“अरे मामा, दोघींचे दिवस भरलेत इथे. टाकून येऊ का त्यांना?”

“मग निदान बाहेर पडताना ओरडत जा. ‘मामा, चला’ असं.”

“बरा आहेस ना तू?”

“बरा आहे. मोठ्यानं ओरड.”

ती खळखळून हसली. “लहानपणी अंधारात मोरीकडे जाताना मी हेच ओरडायचे. तेव्हा तू येत तरी होतास.”

तिच्या आवाजाला यंत्र मानेल का, हे मामांनी मॅडमना विचारून पाहिलं. “सांगता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्याला माझ्याच आवाजाची सवय असली तर…”

यंत्र ट्रकवर चढवताना मैदानावर टाळ्या वाजल्या. मामा तेव्हा पाठमोरे बसून अर्ज लिहीत होते. त्याचा शेवट असा होता:

“सबब, खिंडीलगतच्या सर्व रहिवाशांना, स्त्रिया, मुले व अद्याप न जन्मलेली बालके धरून, या खात्याचे मामा म्हणून तात्काळ घोषित करण्यात यावे, तसेच त्यांपैकी कोणीही घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक वेळी मोठ्याने हाक देण्यासाठी एक इसम तेथे कायमस्वरूपी नेमण्यात यावा, ही नम्र विनंती. सदर पदावर अर्जदार विनावेतन जाण्यास तयार आहे.”