प्रियदर्शनीचा पंप

माझी भावजय मंगल फारसं बोलत नाही. नवी नवरी म्हणून आली तेव्हा माझी आई म्हणायची, "मुकी हाय का काय ही?" मी मात्र आईवर गेले आहे, त्यामुळे मंगलची गोष्ट मलाच सांगावी लागणार.

बीडला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या अंगाला आमची वस्ती. माझा भाऊ अजिनाथ त्याच जिनिंगमध्ये गाठी उचलतो आणि माझं घर त्याच्याच गल्लीत. हंगाम सुरू झाला की कापसाची पिंज वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाकरीवर, झोपलेल्या लेकरांच्या नाकावर बसते. त्यात दारोदार चुली, आणि चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. जळण फुकटचं, पण धूर असा की पाहुणा घरात पाऊल टाकायच्या आधीच डोळे पुसतो.

अजिनाथची थोरली प्रियदर्शनी. नाव एवढं लांबलचक की हाक मारतानाच दम लागतो, असं मी तिला चिडवायचे. मग पोरीला खरोखरच दमा निघाला आणि माझी थट्टा बंद झाली.

दवाखान्यातल्या सत्यशीला सिस्टरनं मंगलला समोर बसवून दोन पंप समजावले होते. केशरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ, पोरगी ठणठणीत असली तरी, आणि घेतल्यावर चूळ भरायची. निळा फक्त दम लागल्यावर. नुसता तोंडात मारला तर बरंचसं औषध जिभेवरच राहतं, म्हणून तिनं पाण्याच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप बसवून दिला. बाटलीच्या तोंडाला ओठ लावायचे, पंप दाबायचा आणि सावकाश श्वास घ्यायचा. मंगलला एका फटक्यात समजलं.

अडचण होती माझ्या आईची. "पोरीच्या जातीला दमा हाय म्हनल्यावर सोयरीक कोन आनील? कुनाला दिसू द्यायचा न्हाई," असं सांगून तिनं दोन्ही पंप ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवले. एका खोलीचं घर. सकाळ झाली की कुणी ना कुणी येऊन बसलेलंच, आणि दार लावावं तर गल्ली विचारणार, कावून लावलं? त्यामुळे केशरी पंप हटकून चुकायचा. तो चुकला की पोरगी धापा टाकायची, मग सरकारी दवाखान्यात नेऊन मशीनची वाफ. पोरगी जास्त आजारी पडली की आई जास्तच लपवायची. म्हणजे रोगापरीस इलाज भयंकर.

गेल्या संक्रांतीला मंगलकडे हळदीकुंकू होतं. माझ्या लेकीसाठी, मंजुषासाठी, तेलगावचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईला घर बघू दे, माणसं बघू दे, म्हणून मीच तिला बोलावून घेतलं. खोली बायकांनी गच्च भरली. पाहुणी येणार म्हणून आईनं कोपऱ्यात धूप घातला होता. प्रियदर्शनी नवं परकर-पोलकं घालून तिळगूळ वाटत होती. वाटता वाटता थांबली. खांदे वर चढले, गळ्याजवळची खळगी आत ओढली जाऊ लागली आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली.

दारात बसलेली आई कुजबुजली, "मंगल, पोरीला आडोशाला ने. शेजारच्या धुळाजीच्या घरामागं ने."

पोरगी आजीकडे बघत होती आणि आजी पाहुणीकडे. मंगल उठली. तिनं आधी धुपाटणं बाहेर नेऊन ठेवलं, मग सगळ्यांदेखत ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

"आडोसा कशाला, आत्याबाई?" ती सासूला म्हणाली. "माजी पोरगी श्वास घेतीय, चोरी न्हाई करीत."

खोलीच्या मधोमध तिनं प्रियदर्शनीला बसवलं. निळा पंप हलवला, बाटलीला लावला. पोरीनं लाजून मान खाली घातली होती. मंगलनं हनुवटी धरून ती वर केली. "हळू घे. घाई न्हाई." थोडं थांबून पुन्हा एकदा दाबला. हळूहळू खांदे खाली आले, शिट्टी बारीक झाली. मग मंगलनं हात धुतले आणि काही घडलंच नाही अशा थाटात वाण वाटायला घेतलं.

माझी छाती अभिमानानं भरून आली. बाई एवढ्या वर्षांत एकदाच बोलली, पण काय बोलली!

तेलगावची पाहुणी चहाला थांबली नाही. पुढं निरोप आला, सध्या मुलाचं लग्न करायचं नाही. "घ्या! म्या म्हनलं न्हवतं?" आई कडाडली. बी.ए. झालेली माझी मंजुषा हसत म्हणाली, "आज्जी, बाटली बघून पळनारी सासू मला कशाला?" मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पोरीचं म्हणणं पटलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारीण पप्पूला पदराखाली घेऊन आली. "मंगल, माज्या पप्पूची सर्दी न्हाई गं. दमाच हाय." मागोमाग आणखी दोघी-तिघी आल्या. सगळ्या आपापल्या डब्यात काहीबाही लपवूनच बसल्या होत्या! मंगल सगळ्यांना सत्यशीला सिस्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी एकेका लेकराला तपासून पंप दिले, बाटल्या मंगलनं करून दिल्या. आता रोज सकाळी लेकरं तिच्या ओट्यावर ओळीनं बसतात, आपापल्या बाटलीतून औषध घेतात आणि मग कोण लांब चूळ टाकतं याची शर्यत लावतात. लेकरं शाळेत जाईपर्यंत आसपासची चूल पेटवायची नाही, असं बायकांनी आपसात ठरवलं. यंदाच्या हंगामात प्रियदर्शनीला वाफ द्यायला न्यावंच लागलं नाही. शाळेच्या खो-खोच्या संघात आहे ती, आणि हे मी गल्लीत ज्याला त्याला ऐकवते.

आई चुळीसाठी तांब्या भरून तेवढा ठेवायची.

परवा मंजुषाला बघायला पाटोद्याचे पाहुणे आले. दुपारी येतो म्हणाले होते आणि पहिल्याच एसटीनं हजर. माझ्या घरचा रस्ता मंगलच्या ओट्यावरूनच, आणि ओट्यावर बाटल्या तोंडाला लावलेली पलटण. मी धांदरले. "चला रे, आत व्हा पटकन!"

"कुनी उठायचं न्हाई," आई मागून गरजली.

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं बिडी ओढत विचारलं, "लेकरांना काय झालंय म्हनं?"

मी काहीतरी सारवासारव करणार, तोच आईनं प्रियदर्शनीच्या डोक्यावर हात ठेवला. "दमा हाय. ही माजी नात. रोज औषध घेती, म्हनून लई पळती. तुमच्या गावात हाय का अशी पळनारी? जरा उभं ऱ्हावा पावनं, ह्यांचं झालं की मग आमची मंजुषा दाखवू. आन ती बिडी आधी इझवा."

म्हाताऱ्यानं बिडी विझवली आणि पाहुणे उभे राहिले.