बेसिनवरची भिंत

गुद्रुननं भिंतीला तोंड करून ठेवलेलं आणखी एक चित्र फिरवलं आणि ती बाजूला झाली.

"इंटरेस्टिंग," डॉक्टर थेलन म्हणाली.

गेलं हेही! लाइपझिगच्या या जुन्या सूतगिरणीत स्टुडिओ थाटून बसणाऱ्या कुठल्याही चित्रकाराला विचारा, पाहायला आलेलं माणूस 'इंटरेस्टिंग' म्हणालं की समजायचं, बाई, आटप आता. आवडलं असेल तर ते बोलत नाहीत. जवळ जातात, मागे सरतात, परत जवळ जातात. थेलनबाई मात्र आल्यापासून एका जागी उभी होती आणि अंगातला कोटही उतरवायला तयार नव्हती. पुढच्या उन्हाळ्यातल्या मोठ्या प्रदर्शनात कोणाची चित्रं घ्यायची, हे तिच्या हातात होतं. गुद्रुन साठीला आली होती. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"एकार्ट, कॉफी करतोयस की पिकवतोयस?" ती पडद्याकडे बघून ओरडली. काहीतरी ओरडणं भाग होतं.

"आत्ताच पेरलीय. दम धर जरा," पडद्यामागून नवऱ्याचा आवाज आला.

थेलननं बोटांना लागलेली धूळ पाहिली. "हात कुठे धुऊ?"

गुद्रुननं कोपऱ्यातलं बेसिन दाखवलं आणि ती चित्रं परत लावायला लागली. एक लावलं, दुसरं लावलं. नळ वाहतच होता. काय बाई ही, म्हणत ती बघायला गेली तर थेलन ओले हात तसेच धरून बेसिनवरच्या भिंतीकडे बघत होती. ती मागे सरली. जवळ गेली. हात धुवायला काढलेला कोट केव्हाच खाली पडला होता, तिचा पाय त्यावर होता.

"हे केव्हापासून करताय तुम्ही?"

"काय?"

"हे! हे सगळं!"

गुद्रुनला हसूच येणार होतं. ती भिंत म्हणजे एकार्टची खोड. संध्याकाळी ती ब्रश टाकून घरी जायची. शाळेत शिकवून झालं की तो यायचा, ब्रशांत उरलेला रंग भिंतीला पुसायचा आणि मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन ठेवायचा. 'चिंध्या काय कमी आहेत का?' म्हणून सुरुवातीला ती कितीदा भांडली होती. पुढे तिनं नाद सोडला, आणि तिकडे बघणंही सोडलं.

"वीलांटबाई, इतका वेळ मला ते सगळं दाखवत बसलात आणि हे झाकून ठेवलंत? परीक्षा बघत होतात माझी?" थेलन भिंतीवरून नजर न काढता म्हणाली. "असं काही मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही."

'ते माझं नाही' हे शब्द गुद्रुनच्या ओठांपर्यंत आले आणि अडकले. खरं म्हणजे अडकले नाहीत, तिनंच अडवले.

तेवढ्यात एकार्ट ट्रे घेऊन आला. कॉफी आणि प्लमचा केक. थेलन त्याच्याकडे वळली.

"तुम्ही तरी सांगा. केव्हापासून करतायत या हे?"

एकार्टनं भिंतीकडे पाहिलं, मग बायकोकडे. अकादमीत दोघं एकाच वर्गात होते, आणि दोघांत सरस कोण यावर मास्तरांचंही एकमत नव्हतं. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले त्या वर्षी मूल झालं, एकानं तरी नोकरी धरायलाच हवी होती, तेव्हा 'तू रंगव' असं तोच म्हणाला होता.

"ही जागा घेतली तेव्हापासून," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी."

"आणि कोणाला दाखवलं नाही?"

"कोण बघणार, असं वाटायचं. केक घ्या ना, घरचा आहे."

थेलननं केकला हात लावला नाही, तिथूनच फोन लावला. अख्खा गिलावा न मोडता सोडवून नेणारी तिची माणसं सकाळी येणार होती. तोवर कोणी बोटही लावायचं नाही, आणि वीलांटबाईंनी सही तेवढी करून ठेवायची. जाताना तिनं गुद्रुनचे दोन्ही हात घट्ट धरले. तिचे डोळे भरून आले होते.

दार लागलं.

"खोटं कशाला बोललास?" गुद्रुननं विचारलं.

"रंग तुझे, ब्रश तुझे. त्यात खोटं काय?"

"वेडी आहे ती बाई! नुसती पुसापुशी आहे ती. मला तर चिखल दिसतो." ती थांबली. "एकार्ट, नुसती पुसापुशीच आहे ना?"

त्यानं ट्रेमधले कप उचलले आणि बेसिनमध्ये नेऊन ठेवले.

"सही उजवीकडे कर," तो पाठमोराच म्हणाला. "डावा कोपरा ओला आहे. तिथला पिवळा काही केल्या जमत नव्हता, काल खरवडून परत लावला."