चार नळ्यांचा हेडर आणि साडेतीनशे मांडे

मित्रांनो, मी एक जुना हेडर आहे. जुना म्हटल्याचं मला वाईट वाटत नाही. मला तसं काहीच वाटत नाही. इतकी वर्षं इंजिनाच्या पोटाशी बांधून ठेवल्यावर लोखंडाचं वाटणं-बिटणं जळून जातं.

हेडर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. जीपच्या इंजिनात चार चुली पेटतात असं समजा. प्रत्येक चुलीचा धूर बाहेर न्यायला एक नळी. त्या चार नळ्या खाली येऊन एकीत मिसळतात, तो मी. माझ्यापुढे सायलेन्सर आणि त्याच्यापुढे मोकळा रस्ता.

माझा जन्म धुळ्याचा. पुना नावाच्या वेल्डरने सरळ नळ्यांत पांझरा नदीची वाळू ठासून भरली, म्हणजे वाकवताना त्या चेपत नाहीत. मग त्याने त्या लालबुंद तापवल्या आणि गुडघ्यावर ठेवून वाकवल्या. गुडघ्याला काहीही झालं नाही. खोटं वाटत असेल तर धुळ्याला जाऊन गुडघा बघून या. काम संपल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, "हाऊ बठ्ठा माल मन्हा हातना शे!" म्हणजे हा सगळा माल माझ्या हातचा. आणि तेव्हा मात्र त्याचा हात भाजला.

मला घेतलं असोद्याच्या पितांबर आबांनी. त्यांच्या जुन्या पेट्रोल जीपचा मूळचा बिडाचा भाग तडकला होता आणि तसा दुसरा कुठे मिळत नव्हता. पिंप्राळ्याचा मेकॅनिक प्रेमराज म्हणाला, "आबा, हेडर टाकू. गाडीचा दम मोकळा होईल." मला बसवल्यावर त्याच्या अंगात आणखी उत्साह आला. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं, त्याला जेट म्हणतात. त्याने तो जेटही मोठा घातला. "आता धुराला वाट रुंद झाली, तर पेट्रोलही जास्त पाहिजे," तो म्हणाला. आबांनी मान हलवली. त्यांना फक्त आवाज ऐकायचा होता.

आणि आवाज काय होता, मित्रांनो! आम्ही चोपड्याच्या रस्त्याने गेलो की बागेतले केळीचे घड दचकून पिवळे पडत. एका बागवानाने तर आठ दिवसांनी कापायचा माल दुपारीच कापला. लोक म्हणत, "आबांची जीप आली." ती अजून दोन गावं पलीकडे असायची. माझं फार कौतुक झालं. मी तापत होतो, निवत होतो. बाकी काही आठवत नाही.

जीपचं खरं काम मात्र आवाज करायचं नव्हतं. आबांच्या पत्नी बेबाबाई लग्नांत मांडे करायला जात. त्यांच्यासोबत चार बाया असत आणि मातीची चार खापरं. पालथ्या खापरावर हात-हातभर रुंद पुरणाचा मांडा टाकायचा, म्हणजे खापर जपून न्यायला हवं. बसमध्ये दोन फुटली, तेव्हापासून जीपच. बेबाबाईंच्या बोटांना आता चटका कळत नाही. आम्हा दोघांत तेवढं साम्य आहे.

वर्षं गेली. माझ्या सांध्यातली पॅकिंग कुरतडली गेली, हवेची जाळी धुळीने बुजली. कोणी वाकून बघितलं नाही. मीही हाक मारली नाही.

यंदा जीपच्या कागदांची मुदत संपत आली. धुराचा दाखला नसेल तर कागद पुढे सरकणार नव्हते, आणि कागद नसतील तर जीप भंगारात. त्यातच बुधवारी चोपड्याला लग्न होतं. साडेतीनशे मांड्यांचा शब्द बेबाबाईंनी दिला होता.

रविवारी आम्ही पिंप्राळ्याला गेलो. तिथे मयुरी नावाची मुलगी व्हॅनमध्ये धूर तपासायचं यंत्र घेऊन बसते. तिने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि पडद्याकडे बघितलं.

"आबा, धुरातला विषारी वायू या गाडीला तीन टक्क्यांपर्यंत चालतो. आकडा आलाय सहा पॉइंट दोन."

"मंग जास्तच आला ना! पास कर की."

"आबा, ही परीक्षा उलटी असते."

असोद्याला परत आल्यावर पारावर सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, पहाटे न्या, थंडीत धूर झोपलेला असतो. कोणी म्हणालं, टाकीत लिंबू पिळा. आबांनी मात्र घरात साठवलेल्या कापसाकडे बघितलं. कापूस तेल गाळतो, पाणी गाळतो, तर धूर का नाही गाळणार? सोमवारी सकाळी त्यांनी दोन मुठी कापूस ओला केला आणि काठीने सायलेन्सरच्या तोंडात ठासला.

तशीच जीप घेऊन आम्ही पुन्हा पिंप्राळ्याला मयुरीच्या व्हॅनपाशी गेलो. मला दम घेता येईना. चार चुलींचा धूर माझ्यापर्यंत येऊन थांबायचा. माझ्या एका वळणावर वेल्डिंगला बारीक चीर गेली. दुखलं का, असं विचाराल. नाही. फक्त कळलं की चीर गेली.

बेबाबाई मागे बसल्या होत्या, मांडीवर पिंप्राळ्याच्या कुंभाराकडून घेतलेलं नवं खापर होतं. मयुरी नळी आत सारू लागली.

"आबा, नळी आत जात नाहीये."

"जुनी गाडी हाये, पोरी. लाजते."

"जरा रेस द्या बघू."

आबांनी पाय दाबला. धडाड! कापूस तोफेच्या गोळ्यासारखा सुटला, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानातल्या तराजूत जाऊन पडला. दुकानदाराने सवयीने वजन केलं आणि ओरडला, "दीडशे ग्रॅम! अजून काय देऊ?" जीप बंद पडली.

सगळे हसले. बेबाबाई हसल्या नाहीत. काळा पडलेला तो कापूस त्यांनी बघितला, मग आबांकडे बघितलं.

"नाकात कापूस मेल्यावर घालता. ही जित्ती हाये ना अजून?"

आबा वाकून रिकाम्या सायलेन्सरमध्ये बघू लागले.

"बुधवारी मी खापरं काय डोक्यावर नेऊ? चला त्या प्रेमराजकडे."

जीप ढकलत प्रेमराजच्या दारात नेली. तो बॉनेट उघडून इकडेतिकडे बघू लागला, तेव्हा बेबाबाईंनी बोटाने माझ्या चिरेशी जमलेली काजळी पुसून त्याच्यापुढे धरली.

"हे काय हाये, भाऊ?"

"कार्बन, अक्का."

"आमच्यात याले काजळी म्हनता. चुलीत लाकूड जास्त झालं अन् वारा कमी पडला की खापर असंच काळं होतं. मंग आम्ही चुलीचं तोंड नाही बुजत, लाकूड मागं ओढतो. तू हिच्यात लाकूड किती घातलं?"

प्रेमराजने डोकं खाजवलं. "मोठा जेट घातला होता, अक्का. हेडर लावल्यावर मीच."

"मंग तूच काढ."

मंगळवारी त्याने जुना लहान जेट परत बसवला, हवेची जाळी बदलली, माझी चीर भरली, सांध्यात नवी पॅकिंग घातली. मला काढलं नाही. हेडर असणं हा गुन्हा नव्हता, मित्रांनो. मला बसवल्यावर सगळं वाऱ्यावर सोडलं होतं, गुन्हा तो होता. संध्याकाळी मयुरीच्या पडद्यावर दोन पॉइंट एक आलं. दाखला छापून निघाला. बेबाबाईंनी तो पदराला बांधला.

बुधवारी पहाटे आम्ही चोपड्याला निघालो. मोठ्या जेटबरोबर माझा पूर्वीचा आवाजही गेला होता. गावातून गेलो तर कोणी वळून बघितलं नाही, केळीही हिरव्याच राहिल्या. तापीच्या पुलावर आबा पुढे बघतच हळू बोलले, "चुकलं माझं."

"मोठ्यानं म्हना," मागून बेबाबाई म्हणाल्या, "ऐकू नाही आलं."

त्यांना ऐकू आलं होतं. एवढी वर्षं जीपमध्ये कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं, ते माझ्यामुळे. आबांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. चारही बाया हसल्या. साडेतीनशे मांडे झाले, चार खापरं शाबूत परत आली.

मित्रांनो, गाडी जुनी झाली म्हणून तिचं तोंड दाबू नका. जाळी झाडा, सांधे तपासा, ती पेट्रोल किती पितेय याच्यावर डोळा ठेवा. मला नवा रंग नको, कौतुकही नको. त्याने मला काही होत नाही. पण मी जे बाहेर टाकतो, त्यातच मागे बसलेली माणसं श्वास घेतात.