सायकल रिकामी करून द्यायची असते

सायकल द्यायची ठरली त्या सकाळी माझ्या डाव्या गुडघ्यातून खडी बाहेर यायला लागली. न्हाणीत बसल्या बसल्या मूठभर तरी निघाली. काळी, धारदार, डांबर लागलेली. ओळखीची होती. बेचाळीस वर्षांपूर्वी धरणाचा रस्ता नवा झाला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी याच खडीवर पडले होते. मी गुडघ्याला फडकं गुंडाळलं आणि चहा टाकला.

"आक्का, मोरी तुंबलीय," शालन न्हाणीतून म्हणाली.

"खडी आहे."

"कुठली?"

"गुडघ्यातली."

"मग गाळणं लावायचं ना," ती म्हणाली आणि काडीने मोरी मोकळी करायला बसली. शालन माझी धाकटी बहीण. उजवी टाच नसल्यासारखीच आहे, त्यामुळे तिला उकिडवं बसता येत नाही, एक पाय लांब करूनच बसावं लागतं. मी तिच्याकडे न बघता चहा गाळला. न बघण्याची मला चांगली सवय आहे.

आम्ही पाटबंधाऱ्याच्या वसाहतीत राहतो. वडील कालवा निरीक्षक होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी मी कचेरीत लागले, आणि आता मी निवृत्त झाल्यामुळे क्वार्टर सोडायचं होतं. तालुक्याला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. जिना इतका अरुंद की कपाट दोर बांधून वर चढवलं. सायकलीला तिथे जागा नव्हती.

मॅट्रिक पास झाले तेव्हा वडिलांनी ही सायकल घेतली. हिरवी, चोवीस इंची, दांडीवाली. मोठ्या माणसाची सायकल. तोवर मी वडिलांचीच सायकल दांडीखालून पाय घालून लंगडत चालवायचे. ही माझी स्वतःची होती. चेनकव्हरवर पेंटरकडून पिवळ्या अक्षरात 'कु. हेमलता जगदाळे' असं लिहून घेतलं होतं. या सायकलीइतकं मला आयुष्यात दुसरं काही आवडलं नाही, हे मी सांगून टाकते. मला नवरा नाही, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. शालनची स्थळं तिच्या पायाकडे बघून परत गेली. माझी मी परत पाठवली.

दहा वाजता यासीनभाई आले. वसाहतीच्या फाटकाबाहेर त्यांचं सायकलीचं दुकान आहे आणि जुन्या सायकली तेच नेतात. हातात फक्त एक पाना होता. त्यांनी चाकं दाबून पाहिली, मग सीटला कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"भरलीया ताई," ते म्हणाले. "अशी न्हाई न्यायची मी."

"काय भरलंय?"

"पडलेलं. तुम्ही पडला, उठला, घरी गेला. पडलेलं हितंच ऱ्हायलं. रिकामी करून द्या."

माझ्या लक्षातच नव्हतं. आई म्हणायची, शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये आणि सायकल भरलेली देऊ नये. भांड्याचं मी आजवर पाळलं होतं. पलीकडच्या क्वार्टरमधल्या वत्सलाबाईंच्या वाटीत कालच साखर घालून ती परत केली होती.

यासीनभाईंनी सायकल अंगणाच्या मधोमध स्टँडवर लावली. पद्धत सोपी होती. मी सांगायचं, ते हँडलवर पाना आपटणार.

"कालव्याचा पूल," मी म्हणाले. "म्हैस आडवी आली होती."

त्यांनी पाना आपटला. म्हैस आली नाही, नुसता तिचा वास आला, आणि माझी हनुवटी खालून उघडली. रक्त पदरावर, पदरावरून फरशीवर. आत जीभ हलत होती ती हवेला लागली. मी हनुवटी मुठीत धरली. दुखलं, पण तेव्हा दुखलं होतं तेवढंच. एक दाणाही जास्त नाही. व्यवहार चोख होता.

"फुडं?"

"कॉलेजचा पहिला पेपर. घाईत होते."

पाना वाजला. माझा पुढचा बसवलेला दात निखळून पडला आणि त्या जागी माझा खरा दात उगवला. मी जिभेने चाचपून पाहिलं. गुळगुळीत, पूर्ण, सोळाव्या वर्षीचा. इतकं बरं वाटलं की मी शालनला हाक मारणार होते. मग तो मुळापासून तुटला आणि मी तो फरशीवर थुंकले.

"आधी नीट करून देती," यासीनभाई म्हणाले. "मग मोडती. नीट नसल्यालं मोडायचं कसं?"

तोवर अंगण कलायला लागलं होतं. माझ्या रक्ताचा ओघळ फाटकाकडे जायचा तो वळून घराकडे यायला लागला. तुळशीचं डबडं सरकत सरकत पायरीला येऊन टेकलं. वत्सलाबाई आपल्या दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप मांडीत घट्ट धरलं आणि एक पाय चौकटीला लावला.

"काय गं हेमा, रस्ता आणतीयास व्हय दारात?" त्या म्हणाल्या.

"सायकल देतेय."

"मग येणारच की रस्ता. मला वाटलं, पाण्याची पायपलाइन."

दसऱ्याला सायकलीची पूजा करून झेंडूची माळ घातली होती, ती चेनमध्ये गेली. हे सांगितल्यावर माझं खांद्याचं हाड मोडलं. वाळकं लाकूड मोडतं तसा आवाज झाला, वत्सलाबाईंनाही ऐकू गेला. हात लोंबायला लागला म्हणून मी तो कमरेला पदराने बांधला. आई म्हणायची, आमची हेमा पडली तरी नाक वर. मी नाक वर ठेवलं. त्यातूनही रक्त येत होतं, ते आईच्या लक्षात आलं नव्हतं.

अंगण आता सरळ चढ झालं होतं. कडेला पांढरे रंगवलेले दगड उगवले. दोन्ही बाजूंची क्वार्टर्स जवळ सरकली, इतकी की वत्सलाबाईंचं दार हँडलला घासायला लागलं. वर, जिथे फाटक होतं तिथे, धरणाची भिंत दिसत होती. घरात परत जायला वाट उरली नव्हती. उंबऱ्यावर शालन दोन कप चहा घेऊन उभी होती आणि कप कलू नयेत म्हणून हात वरखाली करत होती.

"झालं?" यासीनभाईंनी विचारलं.

"झालं."

त्यांनी सीटला कान लावला. "एक ऱ्हायलं."

"त्यात मी पडले नव्हते."

चोराच्या मनात चांदणं. त्यांनी काही विचारलंच नव्हतं, मीच बोलून बसले. ते पान्याने स्वतःची पाठ खाजवत माझ्याकडे बघत राहिले.

"न सांगितलं तर?" मी विचारलं.

"तर ज्येच्या अंगावर हुतं त्येच्याच अंगावर परत जातं. सायकलीला काय, कुणी का सांगंना."

मी गप्प बसले. खरं सांगते, मी गप्प बसले. शालनपाशी मी बेचाळीस वर्षं एक खोटं सांभाळलं होतं आणि त्या खोट्यावर आमचं घर उभं होतं. तिच्यासाठी मी लग्न केलं नाही असं लोक म्हणत, तीही म्हणे, आणि मी म्हणू देत असे. ते खोटं गेलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एका खोलीत ती आणि एका खोलीत मी, एवढंच उरणार होतं. यासीनभाईंनी मान हलवली आणि पाना आपटला.

"आक्का," शालन म्हणाली, "हे बघ."

तिने कप उंबऱ्यावर ठेवले. चप्पल काढली. तिची उजवी टाच नीट झाली होती. गोल, गुलाबी, नऊ वर्षांच्या मुलीची. तिने पाय पूर्ण टेकवला. मग दोन पावलं चालली. न लंगडता. आणखी दोन. मी तिला अशी चालताना बेचाळीस वर्षांत पाहिली नव्हती. ती हसली आणि टाचेवर उभी राहून स्वतःभोवती फिरली, नऊवारीत नव्या नवरीने फिरावं तशी.

मला माझा दात आठवला.

टाचेच्या वर, शिरेपाशी, एक बारीक लाल रेघ उमटली. ती रुंद होत गेली. कातडं मोजा उतरावा तसं कडेने सुटायला लागलं आणि आत पांढरं दिसलं. शालन अजून हसतच होती. तिला कळलं नव्हतं.

"माझं आहे," मी ओरडले. "ते माझं आहे. थांबवा!"

यासीनभाईंनी हँडलवर तळवा ठेवला. रेघ थांबली. "सांगा मग."

मी सांगितलं. धरणाचे दरवाजे पहिल्यांदा उघडणार होते. सगळी वसाहत बघायला निघाली होती. माझ्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि आईने शालनला माझ्या कॅरियरवर बसवलं, नेहमीसारखं. कुठेही जायचं तर ही मागे. त्याच सकाळी तिने चेनकव्हरवर माझ्या नावाखाली खिळ्याने 'शालन' असं कोरलं होतं. नव्या रंगावर. मी रोज निघताना तिला म्हणायचे, पाय लांब धर. त्या दिवशी म्हणाले नाही.

"चढावर पाय तारांत गेला," मी म्हणाले. "तू 'आक्का' म्हणून ओरडलीस. पायडल अडला. मी घरी सांगितलं, मला वाटलं चढ लागला. मला तसं वाटलं नव्हतं. मला माहीत होतं तो पाय आहे. मी सीटवरून उठले आणि उभी राहून पायडल मारले."

वत्सलाबाईंनी तांदूळ निवडणं थांबवलं.

"किती?" शालनने विचारलं.

"तीन."

"मला चार आठवतात."

"तीनच, शालन."

"असतील," ती म्हणाली. तिने टाचेवरचं सुटलेलं कातडं हाताने दाबून बसवलं. ते बसलं. मग ती चढावरून चालत सायकलीपाशी आली, वाकली आणि चेनकव्हरवरून बोट फिरवलं. माझं नाव कधीच उडून गेलं होतं. खिळ्याने कोरलेलं तिचं तेवढं शाबूत होतं.

"आता बसा ताई," यासीनभाई मला म्हणाले. "मागं. सांगितलं त्येनंच सोसायचं."

"चालवणार कोण?"

"मी," शालन म्हणाली.

"तुला येत नाही."

"तू शिकवलंच नाहीस."

मी कॅरियरवर बसले. कॅरियरच्या पट्ट्या मांडीला रुतल्या. ही इतकी वर्षं इथे बसत होती आणि मला हे माहीत नव्हतं. एक हात कमरेला बांधलेला, दुसऱ्याने मी तिची साडी धरली. यासीनभाईंनी मागून सीट धरली आणि ढकललं. सायकल डगमगली, वत्सलाबाईंच्या दारावर आपटली, माझ्या मोडलेल्या खांद्याचं टोक कातड्यातून बाहेर आलं.

"समोर बघ," मी म्हणाले. "चाकाकडे बघायचं नाही. चाक आपोआप जातं."

"हं."

"हँडल आवळू नकोस. पाखरू धरतात तसं धर."

"हं."

ती शिकली. चार घरांच्या अंतरात शिकली. सायकल सरळ झाली, पांढरे दगड एकेक करून मागे जायला लागले. यासीनभाईंनी सीट सोडली, हे तिला कळलं नाही, मला कळलं. मी मागे वळून पाहिलं. ते खाली, लहान लहान होत उभे होते.

"गेली बरं का ताई," ते ओरडले. "सायकल गेली."

ती आता माझी नव्हती. इतकी सुंदर चालत होती, चेनचा आवाज तोच, आणि ती माझी नव्हती. मी रडले. हनुवटीतून आणि डोळ्यांतून एकाच वेळी गळत होतं.

"आक्का!" शालन म्हणाली. आवाज नऊ वर्षांचा होता. "वारा लागतोय गं!"

"लागणारच."

"पाय लांब धरलायस ना?"

मी खाली पाहिलं. चाकाच्या तारा दिसेनाशा झाल्या होत्या इतक्या फिरत होत्या. माझी टाच त्यांच्यापासून दोन बोटांवर होती. मी ती ओढत नव्हते आणि ढकलतही नव्हते. ती जात होती.

"धरलाय," मी म्हणाले.

पहिली तार टाचेला लागली. मग सगळ्या लागल्या. चप्पल गेली, कातडं गेलं, आणि चाक हाडाशी येऊन अडलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. शालनचा पाय पायडलवर थांबला.

"जड लागतंय गं," ती मागे न बघता म्हणाली. "थांबू?"

वर धरणाचे दरवाजे उघडत होते. पाण्याचा आवाज यायला लागला होता. तिचे केस उडून माझ्या तोंडावर येत होते. मी तोंडातून बोळा काढला.

"चढ लागलाय," मी म्हणाले. "उभी राहून मार."

ती सीटवरून उठली. एक मारला. तारा मोडल्या, दोन माझ्या पोटरीत शिरल्या. दुसरा मारला. तिसऱ्याला हाड वाजलं, आणि मी हूं की चूं केलं नाही. शालनने घंटी वाजवली, दोनदा, लांब, रस्त्यात कुणी नसताना.

मग तिने चौथ्यासाठी पाय उचलला.